श्रवणदोषावरच्या संशोधनासाठी गाण्याचा कार्यक्रम करून पैसे उभे करायचेत, सुरुवात कुठून करू?

बेसूर_पण_हौशी
नमस्कार मंडळी. आमचा हौशी लोकांचा ग्रुप आहे, काही गाणारे काही वाजवणारे, नोकऱ्या सांभाळून सराव करतो आणि अधूनमधून छोटे कार्यक्रम करतो. ग्रुपमधल्या एकीच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही, तिला कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानाच्या नसेला थेट विजेचे संदेश देणारं यंत्र, ऑपरेशन करून बसवतात) बसवलंय, आणि आमचा ड्रमर गेली काही वर्षं कानातल्या शिट्टीने हैराण आहे, टिनिटस म्हणतात ना ते. तर सगळ्यांचं असं ठरलं की या वेळी कार्यक्रम करायचा तो श्रवणदोषावर जे संशोधन चालतं त्याला मदत म्हणून. आत्तापर्यंत चॅरिटी वगैरे काही केलेलं नाही त्यामुळे प्रश्नच प्रश्न आहेत. तिकीट लावावं की एंट्री फ्री ठेवून पेटी फिरवावी? पैसे नेमके द्यायचे कुणाला, आमच्यासारख्यांच्या चिल्लर रकमेने संशोधनात काही फरक पडतो का? आणि ग्रुपमधलाच एक जण म्हणाला की कानांसाठी पैसे गोळा करायचे आणि त्यासाठी लोकांच्या कानाशी दणदणाट करायचा हे जरा विनोदी नाही का. त्याचं म्हणणं डोक्यातून जात नाहीये. कुणी असं काही केलं असेल तर सांगा.

साउंडवाला_काका
तुमचा तो एक जण आहे ना, त्याला कमिटीत घ्या. त्याचाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, बाकी तिकीट-बिकीट नंतर.

मी बरीच वर्षं मिक्सरच्या मागे बसतोय. कार्यक्रम सुरू होताना आवाज बरा असतो, मग गिटारवाला म्हणतो मला मी ऐकू येत नाही, त्याचा वाढवला की गायिका म्हणते माझा मॉनिटर (स्टेजवर कलाकारांकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) वाढवा, ड्रमर आणखी जोरात मारायला लागतो, आणि तासाभरात सगळं इतकं वर गेलेलं असतं की पहिल्या रांगेतली माणसं कानात बोटं घालून टाळ्या वाजवायची कसरत करत असतात. आणि हे कुणाला कळतही नाही कारण कान बधिर होत जातात तसा आवाज नॉर्मल वाटत जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या आवाजासाठी एक मानक काढलंय. १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, आवाज सतत मोजत राहायचं, लोकांना इअरप्लग उपलब्ध ठेवायचे, शांत बसायला वेगळी जागा ठेवायची, स्पीकर अशा तऱ्हेने लावायचे की पुढच्यांना भडिमार आणि मागच्यांना काहीच नाही असं होणार नाही, आणि स्टाफला हे सगळं समजावून सांगायचं. एवढंच आहे. तुमचा कार्यक्रम याच विषयावर आहे तर हे पाळून दाखवा आणि पोस्टरवर लिहा. मिक्सरजवळ एक मोठा स्क्रीन ठेवून त्यावर डेसिबलचा आकडा लाइव्ह दाखवा. लोक त्याच्याकडे बघत राहतात आणि वादकही आपोआप सुतासारखे सरळ होतात, स्वानुभव आहे.

रात्रीचा_राजा
काका १०० म्हणजे पण जास्तच झालं की. कुठेतरी वाचलेलं की ८५ च्या वर धोका.

साउंडवाला_काका
बरोबर वाचलंय. डेसिबलचं गणित सरळ नसतं, दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि त्यामुळे कान किती वेळ सहन करतील तो वेळ अर्धा होतो. ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, त्याच हिशेबाने १०० डेसिबल आठवड्याला साधारण २० मिनिटं. म्हणजे दोन तासांचा कार्यक्रम सलग १०० वर केला तर बिना इअरप्लगच्या माणसाचा कित्येक आठवड्यांचा कोटा एका संध्याकाळीत खलास. १०० ही कमाल मर्यादा आहे, गाठायचं टार्गेट नाही. छोट्या हॉलमध्ये बँड असूनही ९० च्या आसपास सुंदर मिक्स होतो, फक्त ड्रमरला हात आवरायला सांगावं लागतं आणि स्टेजवरचे मॉनिटर कमी करून कानातले मॉनिटर द्यावे लागतात. जमत असेल तर अर्धा कार्यक्रम अनप्लग्ड करा, म्हणजे इलेक्ट्रिक वाद्यांशिवाय.

मोजण्यासाठी भाड्याने नीट मीटर मिळत असेल तर उत्तम. नाहीतर अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं आयफोनसाठी मोफत ॲप आहे, ते बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे. इतर कुठलंही ॲप उतरवून त्यावर भरवसा ठेवू नका, फोनचे माइक बोलण्यासाठी बनवलेले असतात, मोठ्या आवाजाला ते गडबडतात. आणि मोजताना फक्त मिक्सरपाशी नको, स्पीकरच्या सगळ्यात जवळ जो प्रेक्षक बसणार तिथेही मोजा.

हिशेबनीस
आवाजाचं काकांनी सांगितलंच, मी पैशाचं बोलतो कारण असे कार्यक्रम बहुतेक तिथेच गचके खातात.

पहिली गोष्ट, कार्यक्रम करून पैसे उभे करणं हा पैसे उभे करण्याचा सगळ्यात महागडा मार्ग आहे. हॉल, साउंड, लाइट, छपाई, गाण्यांच्या कॉपीराइटचं लायसन्स (हे हमखास विसरतात, दुसऱ्यांची गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवायची तर बहुतेक ठिकाणी लागतं), कलाकार फुकट आले तरी त्यांचा प्रवास, हे सगळं वजा जाता हातात काय उरतं ते कागदावर मांडा. मांडताना अर्ध्याच खुर्च्या भरतील असं धरा. अर्ध्या खुर्च्यांत खर्च निघत नसेल तर हॉल छोटा करा, नाहीतर सरळ प्रत्येकाने घरचे पैसे काढून संस्थेला द्या, तेवढाच त्रास वाचेल.

दुसरं, खर्चासाठी आधी प्रायोजक पकडा. एकाने हॉल, एकाने साउंड, एकाने छपाई. खर्च बाहेरून निघाला तरच पोस्टरवर ‘तिकिटाचे सगळे पैसे संशोधनासाठी’ असं लिहा. नाही निघाला तर ‘खर्च वजा जाता उरलेली रक्कम’ असं स्वच्छ लिहा. या दोन वाक्यांत लोकांना फरक कळतो, आणि नंतर कळला तर जास्त राग येतो.

तिकीट की पेटी? दोन्ही. तिकीट थोडकं ठेवा, ते खर्चासाठी आणि किती लोक येणार ते कळण्यासाठी. खरे पैसे कार्यक्रमाच्या आत येतात. फर्माईश विका! म्हणजे ज्याला जे गाणं हवं त्याने त्यासाठी देणगी द्यायची, आणि दुसऱ्याला ते गाणं नको असेल तर त्याने जास्त देऊन थांबवायचं. हसत खेळत बरेच जमतात. आवाहन मात्र शेवटी करू नका, शेवटी लोक चपला आणि गाडीची किल्ली शोधत असतात. मध्यंतराच्या जरा आधी, एकाच माणसाने, तीन मिनिटांत.

पैसे तुमच्या कुणाच्या पर्सनल खात्यात अजिबात नकोत. शक्यतो संस्थेच्याच खात्याचा क्यूआर कोड लावा, त्यांची परवानगी आणि नाव वापरण्याचं पत्र आधी घ्या. पेटीतली रोकड दोघांनी मोजायची, दोघांनी सही करायची. आणि पूर्ण हिशेब, आलेले गेलेले, थोड्याच दिवसांत सगळ्यांना पाठवायचा. तोटा झाला असेल तरी.

मशीन_आधी
मी जरा उलटं बोलतो, रागावू नका. जगात ४३ कोटींपेक्षा जास्त लोकांना ऐकण्याच्या त्रासासाठी उपचार किंवा मदत लागते असं आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत साधं श्रवणयंत्रही पोचत नाही. संशोधनातून औषध येईल तेव्हा येईल. आज एखाद्या मुलाला यंत्र मिळालं तर तो आज बोलायला शिकतो, आणि भाषा शिकण्याचं वय निघून गेलं की ते परत येत नाही. मग संशोधनाला का, यंत्रांना का नाही? शिवाय तुमच्या रकमेत लॅबचं एक मशीनसुद्धा येणार नाही.

प्रयोगशाळेतली
मशीन_आधी, तुमचं पहिलं म्हणणं शंभर टक्के मान्य, दुसरं नाही.

थोडं मागचं सांगते म्हणजे पैसे कुठे जातात ते कळेल. आतल्या कानात, शंखासारख्या त्या कॉक्लियात, जन्मतः जेमतेम १५ हजाराच्या आसपास केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनाचा विजेचा संदेश करून मेंदूकडे पाठवायचं काम त्यांचं. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये मात्र उगवतात! हे १९८० च्या दशकात लक्षात आलं आणि तेव्हापासून प्रश्न हाच आहे की कोंबडीला जमतं ते आपल्याला का जमत नाही. त्यावर अजून काम चालू आहे, औषध आलेलं नाही, आणि कुणी आलंय म्हणून विकत असेल तर फसवतोय.

पण सगळंच अडलेलं नाही. ओटोफर्लिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जीनमध्ये दोष असलेली जी मुलं जन्मतः बहिरी असतात त्यांच्या कानात चांगला जीन सोडून उपचार केले आणि त्यातल्या बहुतेक मुलांना ऐकू यायला लागलं, हे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हा प्रकार एकूण बहिरेपणात थोडाच, पण दार उघडलं. आणि मुलांच्या कॅन्सरमध्ये सिस्प्लाटिन हे औषध देतात त्याने कान जातात, ते वाचवायला सोडियम थायोसल्फेट देता येतं, त्याला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ही कामं मोठ्या पैशांनी झाली हे खरं. पण मोठा पैसा देणारे पहिला प्रश्न विचारतात, तुमच्याकडे प्राथमिक डेटा आहे का? तो नसतो. तो जमवायला लागते ती छोटी रक्कम, एखाद्या विद्यार्थ्याचे काही महिने, काही रसायनं, काही रुग्णांच्या चाचण्या. ती कुणी देत नाही. तुमच्यासारख्यांचा पैसा तिथे कामाला येतो.

म्हणून संस्था निवडताना विचारा: छोटी सुरुवातीची अनुदानं देता का, अर्ज कोण तपासतं, गेल्या वेळी काय निघालं ते छापता का, आणि आमचा पैसा फक्त संशोधनावर खर्च होईल असं लेखी द्याल का. शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर पुढची संस्था बघा. आणि मशीन_आधी यांचं समाधान करायचं असेल तर रक्कम आधीच जाहीर करून दोन वाटे करा, त्यात काही चूक नाही.

ड्रमरला सांगा की आवाजाने तात्पुरता बधिर झालेला कान दुसऱ्या दिवशी ठीक वाटला म्हणजे ठीक झाला असं नाही. २००९ मध्ये उंदरांवर दिसलं की ऐकण्याची पातळी परत जागेवर आली तरी केसपेशी आणि नस यांच्यातले कितीतरी जोड कायमचे गेलेले होते. माणसात नेमकं किती हे अजून शोधतायत, आणि हाही संशोधनाचाच विषय, तुमच्या स्टेजवरचा.

रात्रीचा_राजा
एक आयडिया. सायलेंट डिस्को करा. सगळ्यांना हेडफोन, शेजाऱ्यांची तक्रार नाही, साउंडचा खर्च नाही, विषयालाही धरून.

डाव्या_कानाने
मला डाव्या कानात श्रवणयंत्र आहे, उजव्यात काहीच नाही. सायलेंट डिस्को हा माझ्यासारख्यांना बाहेर ठेवायचा सगळ्यात कल्पक मार्ग आहे 😄 यंत्रावर हेडफोन बसवला की शिट्टी मारतं, काढलं तर ऐकू येत नाही. आणि हेडफोनला व्हॉल्यूमचं बटण लोकांच्याच हातात, ते फुल्ल करून नाचणार. करायचंच असेल तर वरची मर्यादा लॉक केलेले हेडफोन घ्या.

सगळा धागा वाचला, सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट कुणी विचारली नाही. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे ते प्रेक्षकांत असणार आहेत का? बहुतेक वेळा अशा कार्यक्रमात आम्ही पोस्टरवर असतो, केविलवाण्या चेहऱ्याचा मुलगा आणि कानाला हात. हॉलमध्ये आमच्यासाठी काही नसतं.

काय करता येतं ते सांगतो. इंडक्शन लूप म्हणून प्रकार असतो, हॉलभोवती एक वायर फिरवतात आणि साउंड सिस्टिममधला आवाज चुंबकीय लहरींतून थेट श्रवणयंत्रात येतो, यंत्र टी मोडवर टाकलं की झालं. काही सभागृहांत तो आधीच बसवलेला असतो आणि तिथल्या लोकांनाच माहीत नसतो, बुकिंग करताना विचारा, आणि आधी यंत्र घातलेल्या माणसाकडून तपासून घ्या. निवेदन आणि भाषणं स्क्रीनवर लिहून दाखवा, गाण्याचे शब्दही. खुणांच्या भाषेचा दुभाषा ठेवा आणि त्याला स्टेजवर उजेडात उभा करा, कोपऱ्यातल्या अंधारात नको. त्याला गाण्यांची यादी आणि शब्द खूप आधी द्या, गाणं खुणांत सांगायला तयारी लागते. पूर्ण बहिरी माणसंही संगीताला येतात बरं का, कंपन अंगाने घेतात. फुगवलेला फुगा दोन्ही हातात धरला की बेस आणि ताल सरळ तळव्यात येतात, खर्च नगण्य आणि ऐकू येणारेही मग मागून घेतात. एव्हलिन ग्लेनी ही जगप्रसिद्ध तालवादक, लहानपणीच तिचं ऐकणं जवळजवळ पूर्ण गेलं, ती अनवाणी वाजवते ते पायातून कंपन कळावं म्हणून.

गाणी निवडतानाही विचार करा. कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्यांना ताल चांगला कळतो, स्वरांतला बारीक फरक कठीण जातो, कारण हजारो केसपेशींचं काम वीसेक इलेक्ट्रोड करत असतात. म्हणजे एक आवाज, एक-दोन वाद्यं, स्पष्ट ठेका असं गाणं त्यांना पोचतं. दहा वाद्यांचा कल्ला आणि वर एको टाकलेला, तो नुसता गोंगाट. त्या मुलीलाच विचारा ना तिला काय आवडतं. तिची आई सांगेल तसं नको, तिलाच.

आणि आमच्यातल्या सगळ्यांना ‘बरं’ व्हायचंच असतं असंही धरू नका. खुणांची भाषा हीच ज्यांची भाषा आहे त्यांना ‘बहिरेपणाचा नायनाट’ असलं बॅनर अपमानच वाटतं. संशोधनाला मदत म्हणा, कुणावर उपकार करतोय असा सूर नको.

प्रयोगशाळेतली
+१. त्यात एक भर, बरेच लोक अशा कार्यक्रमात मोफत श्रवण तपासणीचा स्टॉल लावतात. लावणार असाल तर कार्यक्रमाच्या आधी आणि लांबच्या शांत खोलीत. संगीत चालू असताना बाहेरच्या लॉबीत तपासलं तर धडधाकट माणूसही नापास होतो, आणि कार्यक्रमानंतर तपासलं तर तुमच्याच साउंडने बधिर झालेले कान मोजाल. ते जमत नसेल तर आरोग्य संघटनेचं हिअरडब्ल्यूएचओ नावाचं मोफत ॲप आहे, घरी जाऊन करा म्हणून सांगा.

जुनी_कॅसेट
तुमच्या ड्रमरला सांगा तो एकटा नाही. द हू या बँडच्या १९७६ च्या कार्यक्रमाचा आवाज गिनीज बुकात सगळ्यात मोठा म्हणून नोंदवलेला, स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल! त्याच बँडचा गिटारवाला पीट टाउनशेंड पुढे कानाच्या त्रासाबद्दल उघडपणे बोलला, आणि १९८८ मध्ये संगीतवाल्यांच्या कानांसाठी अमेरिकेत ‘हिअर’ नावाची संस्था निघाली तिला सुरुवातीला त्याने पैसे दिले. गिनीजने तर नंतर तो सगळ्यात मोठ्या आवाजाचा प्रकारच बंद केला, लोकांनी कान फोडून घेऊ नयेत म्हणून.

म्हणजे ड्रमरनेच बोलावं आवाहनाला. डॉक्टरांचं भाषण ठेवलंत की लोक मोबाइल काढतात. वाजवणारा माणूस म्हणाला की घरी शांत खोलीत झोपायला गेलो की शिट्टी सुरू होते, तर ऐकतात.

बेसूर_पण_हौशी
बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपवर सगळं वाचून दाखवलं. तर सध्या ठरलंय ते असं: मोठा हॉल कॅन्सल, छोटा घेतोय ज्यात लूप आहे (विचारल्यावर तिथल्या माणसाने कपाटातून पुस्तिका काढून बघितली तेव्हा त्यालाही कळलं 😀). पहिला भाग अनप्लग्ड, दुसऱ्यात बँड, पण आकडा स्क्रीनवर. तारीख ३ मार्चच्या आसपासची, जागतिक श्रवण दिन असतो तेव्हा. पैसे दोन वाटे, मोठा संशोधनाला, छोटा यंत्रांना, आणि तसं तिकिटावरच छापणार. ड्रमर बोलायला तयार झालाय, अट एवढीच की तीन मिनिटं घड्याळ लावून. त्या मुलीला गाणी निवडायला सांगितली तर तिने आमच्या यादीतली निम्मी गाणी उडवली, त्यात माझं सोलोही होतं.

दोन गोष्टी अजून. इअरप्लग फुकट द्यावे की देणगी घेऊन? आणि आवाहनाच्या आधी इम्प्लांटमधून गाणं कसं ऐकू येतं ते लोकांना तीस सेकंद ऐकवावं असं एकाने सुचवलंय, असं खरंच करता येतं का?

डाव्या_कानाने
करता येतं, तसा आवाज बदलून देणारी सिम्युलेशन मिळतात. पण ‘असंच ऐकू येतं’ असं म्हणू नका, साधारण अंदाज येईल एवढंच म्हणा, कारण माणसागणिक वेगळं असतं आणि इम्प्लांटची सवय झालेल्याचा मेंदू त्यातून बरंच काही काढतो. मुलीला आधी विचारा असं ऐकवलेलं तिला चालेल का. आणि त्यानंतर लगेच तेच गाणं लाइव्ह म्हणा.

साउंडवाला_काका
इअरप्लग फुकट, दारातच, हातात. विकायला ठेवले तर कुणी घेत नाही. साधे फोमचे चालतील पण त्याने वरचे स्वर जास्त दबतात आणि गाणं रजईतून आल्यासारखं वाटतं, म्हणून फिल्टरवाले म्युझिशियन प्लग थोडे आणून ते देणगीदारांना द्या. फोमचा प्लग घालायचा कसा ते दारावरच्या पोरांना आधी शिकवा: बोटांनी पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सारून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. बहुतेक लोक नुसता कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि म्हणतात काही फरक पडत नाही. लहान मुलांच्या कानात ते बसत नाहीत, त्यांच्यासाठी वरून घालायचे इअरमफ काही आणून ठेवा आणि पोरांना स्पीकरसमोरच्या खुर्च्या देऊ नका.

साउंड चेकच्या दिवशी मीटर घेऊन दोघं जण हॉलभर फिरा, एक लिहायला एक मोजायला. काही अडलं तर इथेच विचारा.